अंजिराला तेल कधी लावायचं

अप्पा,

अंजिराला तेल नेमकं कधी लावायचं हे मला माहीत नाही आणि ते सांगू शकेल असं तुमच्याशिवाय कुणी नव्हतं, म्हणून लिहायला बसले आहे. घर विकलं. मार्गशीर्षातल्या पहिल्या रविवारी किल्ली द्यायची आहे. विकण्याबद्दल तुमची परवानगी मागायला हे पत्र नाही. तो निर्णय माझा आणि मी तो नीट विचार करून घेतला. श्रावणात न्हाणीत पाय घसरला. सकाळी नऊला पडले, ती साडेअकराला भांडी घासणारी बाई आली तेव्हा उठले. अडीच तास ओल्या फरशीवर पडून वरच्या पत्र्याचे खिळे मोजत होते. ओरडावं असं एकदोनदा वाटलं, पण हाक मारायची तर कुणाच्या नावानं, हे काही ठरेना. आता पुतण्याकडे कलबुर्गीला जाणार आहे. तिसरा मजला आहे. ऊन म्हणाल तर भरपूर, माती नाही.

घर घेणारी बाई औरादकडची. जवळच्या कोळार वसाहतीतल्या एका गोदामात खोकी भरणाऱ्यांवर तिची देखरेख असते, नवरा टेम्पो चालवतो. घर बघायला आली ती टेप घेऊनच. खोल्या मोजल्या, दारं मोजली, मोरीला उतार किती ते पाणी ओतून पाहिलं. मला ती आवडली. मग मागे परसात आली आणि झाडाखाली कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अक्का, ह्ये झाड नुसतं पाल्याचंच हाय का?"

"अंजीर आहे. फळं दिसत नाहीत?"

"दिसायलीत की. पर समदी हिरवीच. बाजूची बाई म्हणाली, कवाच पिकत न्हाईत म्हणून."

"त्या बाईनंच वर मजला चढवला, म्हणून पिकत नाहीत. सावली तिची आहे."

"कामून का असंना, पिकत न्हाईत न्हवं? मग काढून टाकते. मागल्या बोळातून माझी स्कूटी आत येती, पर लावायला जागा कुठं हाय?"

मी शाळेतल्या आवाजात म्हणाले, "किल्ली देईन त्या दिवशी पिकलेलं अंजीर तुझ्या हातावर ठेवीन. मग काय ते ठरव." ती हसली. "बरं, ठिवा. गोड लागलं तर झाड ऱ्हाईल." एवढं बोलून तिनं झाडाच्या बुंध्याचाही घेर मोजून घेतला, कशासाठी ते मी विचारलं नाही.

तर अप्पा, असं आहे. झाडावर अकरा अंजिरं आहेत, सुपारीहून थोडी मोठी, दगडासारखी टणक. कार्तिक अर्धा सरला आहे आणि पहाटे अंगावर घोंगडी लागते. बाहेरच्या लोकांना वाटतं आपल्या बिदरकडे बारा महिने उन्हाळाच असतो. कमठाण्याच्या माळावरचं वारं त्यांनी अंगावर घेतलेलं नाही. पावसाळ्यात धरलेलं अंजीर थंडीच्या आत पिकलं तर पिकलं, नाहीतर तिथंच थिजून बसतं आणि फाल्गुनात सुकून गळतं. हे मला कुणी पुस्तकातून शिकवलं नाही, तुम्हाला बघून कळलं. दसरा झाला की तुम्ही झाडाचं पाणी तोडायचा. मला दया यायची, मी गुपचूप धुण्याचं पाणी आळ्यात ओतायची. एकदा तुम्ही पकडलंत. मी आठ-नऊ वर्षांची असेन. बादली माझ्या हातातून काढून घेतलीत आणि म्हणालात, "पाणी दिलं की ते पाला काढत बसतंय. मग फळाकडं कोण बघावं, तू?" दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. तुमच्या ते लक्षातही आलं नसावं, दिवाळी तोंडावर होती आणि तेलाचा घाणा दिवसभर चालू होता.

पाणी तोडलं की तुम्ही फांद्यांचे शेंडे खुडायचा आणि गाठीएवढी बारकी फळं तोडून टाकायचा. मग दुकानातले रिकामे तेलाचे डबे ठोकून सपाट करायचा आणि ते पत्रे मागच्या लाल दगडी भिंतीला टेकवून ठेवायचा, भिंतीचं ऊन झाडावर यावं म्हणून. परसात पाऊल टाकलं की डोळे दिपायचे. अव्वा म्हणायची, भंगारवाल्यानं बघितलं तर घरासकट उचलून नेईल. आणि मग एखाद्या दिवशी, दुकानाची फळी लावून झाल्यावर, दिवेलागणीच्या आधी तुम्ही वाटीत थोडं करडईचं तेल आणि कडब्याची एक काडी घेऊन झाडाखाली जायचा. अंजिराच्या तळाला जो बारीक डोळा असतो, त्याला काडीच्या टोकानं तेलाचा ठिपका. एका वेळी दोन, फार तर तीन फळांना. बाकीच्यांकडे नुसतं बघायचा. आठवड्याच्या आत ती दोन-तीन फळं फुगायची, खाली वाकायची, जांभळी पडायची, आणि त्यांच्याच शेजारची हिरवी फळं तशीच असायची. पहिलं अंजीर तुमच्या पूजेच्या ताटात जायचं, दुसरं माझ्या हातात.

मी कॉलेजला कलबुर्गीला, म्हणजे तेव्हाच्या गुलबर्ग्याला होते तेव्हा तुम्ही एसटीच्या कंडक्टरच्या हाती डबा पाठवला होता. एरंडाच्या पानात गुंडाळलेली पाच अंजिरं. पोचेपर्यंत त्यांचा चिखल झाला होता आणि पानाला तुमच्या हाताच्या तेलाचा वास होता. खोलीतल्या मुली नाक मुरडून हसल्या. मी त्यांना एकही दिलं नाही, पाठ वळवून बोटानं सगळा डबा पुसून खाल्ला. आणि त्याच दिवाळीत घरी येऊन तुम्हाला शिकवायला लागले, की अप्पा, तेलानं डोळा बुजतो, फळाला हवा मिळत नाही, ह्याला काही शास्त्र नाही. तुम्ही तराजूची साखळी पुसत होता. "कॉलेजात अंजिराचं झाड हाय का?" मी म्हणाले, नाही. "मग तुझा मास्तर कशाला बघून शिकवायलाय?"

पुढे कितीतरी वर्षांनी शाळेत येणाऱ्या एका मासिकात वाचलं, की तेल लावल्यानं फळाच्या आत पिकवणारा वायू वाढतो, आणि ही युक्ती दूरदूरच्या थंड मुलखातली माणसं फार जुन्या काळापासून करत आली आहेत. तुमचं बरोबर होतं. तेव्हा तुम्ही होता, पलीकडच्या खोलीत पेपर वाचत बसला होता. मी उठून सांगायला हवं होतं. मासिक मिटलं आणि कपाटात ठेवलं.

आता शेवटच्या वर्षाचं. ते न लिहिता पुढे जाता येणार नाही.

त्या कार्तिकात तुम्हाला मागच्या ओसरीवर बाजेवर आणून ठेवलं होतं, कारण तुम्हाला झाड दिसायला हवं होतं. पाय गेले होते, बोलणं शाबूत होतं. मी तेव्हा मुख्याध्यापिका होते, तुम्ही मला हेडबाई म्हणायचा, आणि ते कौतुकानं की टोचून हे मला कधी कळलं नाही. सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घेऊन मी तुमच्या पायथ्याशी पायरीवर बसायची. तुम्ही झाडाकडे बघत काही ना काही सांगायचा आणि मी लाल पेनानं गुण देत "हं" म्हणायची. त्या "हं"च्या मध्येच तुम्ही मला सगळं सांगितलंत, कधी लावायचं, कोणत्या फळाला, कसं ओळखायचं. मला त्यातला एक शब्द आठवतो, "डोळा". डोळ्याचं पुढे काय, ते मी ऐकलं नाही.

एक दिवस तुम्ही म्हणालात, "एक तरी पिकू दे गं, हेडबाई. तेवढं तोंडात पडलं म्हंजे बास. पर घाई नको, अजून टायम हाय." मी म्हणाले, बघू. दुसऱ्या दिवशी तुमचा डोळा लागलेला असताना वाटी घेऊन गेले आणि झाडावरच्या होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या फळांना तेल लावलं. एका फेरीत. मला वर्गाला एकदम धडा द्यायची सवय, झाडालाही तसाच दिला. पाचव्या दिवशी सकाळी सगळी फळं खाली पडली होती, काही सुरकुतलेली, काही आतून भुसभुशीत. मी ती पदरात गोळा करत होते तेवढ्यात तुम्ही जागे झालात.

"काय झालं गं? अंजिरं कुठं गेली?"

"वटवाघळं," मी म्हणाले. "रात्री आली असतील."

अप्पा, वटवाघळं नव्हती. मी होते. हे लिहायला एकोणीस वर्षं लागली.

 तुम्ही म्हणालात, "ऱ्हायली असतील त्यांना पिशव्या बांध." राहिलेलं एकही नव्हतं. मी तुमचं जुनं धोतर फाडलं, ओंजळीएवढ्या सात पिशव्या शिवल्या आणि त्या मोकळ्या डहाळ्यांना बांधल्या, बाजेवरून दिसतील अशा. जन्मभर मुलांना खोटं बोलू नका म्हणून छड्या दिल्या, आणि टाका असा घट्ट घातला की आजही उसवलेला नाही. तुम्ही रोज त्या पिशव्यांकडे बघायचा. मी रोज सांगायची, अजून कच्ची आहेत. एका दुपारी वारं सुटलं होतं. मी भाकरी करत होते, चुलीवरचा तवा तापला होता, आणि बाहेरून तुमचा आवाज आला, "हेडबाई, पिशवीत वारं भरायलंय का गं? भरल्या पिशवीचं हलणं निराळं असतंय." तुम्ही आयुष्यभर वजनं केलेला माणूस. मी ऐकू न आल्यासारखं केलं. भाकरी जोरानं थापली, दोन वेळा जास्तच थापली. वाऱ्याचं तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. मार्गशीर्षातल्या वेळअमावास्येच्या आधी चार दिवस तुम्ही गेलात. आपल्या लिंगायत रीतीनं तुम्हाला बसवून, विभूती लावून माती दिली तेव्हा पाहुणे बेलाची पानं ठेवत होते. हातात ठेवायला माझ्याकडे काही नव्हतं, म्हणून मी दुसऱ्या कुणाच्या तरी हातातली पानं घेऊन ठेवली.

तुम्हाला कळलं होतं का, एवढंच मला विचारायचं आहे. आणि कळलं होतं तर बोलला का नाहीत. रागावला असता तर बरं झालं असतं. बादलीच्या वेळी रागावला होता तसं.

त्यानंतर मी झाडाला कधी तेल लावलं नाही. पत्रेही लावले नाहीत. पाणी मात्र भरपूर दिलं, दर वर्षी खत दिलं, आणि झाडानं नुसता पाला काढला. फळं यायची, थंडीत थिजायची, गळायची. मी झाडून टाकायची. एकटीसाठी कोण एवढं करत बसतं? सकाळची भाकरी दुपारी खायची, दुपारची भाजी रात्री खायची, आणि अंजिराला मात्र काडीनं तेल लावायचं?

हे इथवर लिहून पंधरा-सोळा दिवस कागद तसाच ठेवला होता. मध्ये काय झालं ते सांगते.

तुमच्याकडून उत्तर येणार नव्हतं, म्हणून मी मला जे येतं ते केलं. पाणी तोडलं. शेंडे खुडले. माळ्यावरचे पत्रे काढून चिंचेनं घासले आणि भिंतीला लावले. शेजारच्या वरच्या मजल्यामुळे झाडाला ऊन मिळतं ते अकरा ते दीड एवढंच, तेव्हा त्या अडीच तासांत मी तीन वेळा पत्रे हलवत होते. गुडघ्यांनी तक्रार केली. मग एक अंजीर तोडून विळीवर चिरलं. आत पांढरं, कापसासारखं, चीक वाहिला. तीन दिवसांनी दुसरं चिरलं, तसंच. आणखी चार दिवसांनी तिसरं चिरलं तेव्हा आत फिकट गुलाबी रंग धरला होता. ती फोड हातात घेऊन मी पायरीवर बसले आणि मग उलटून तळाकडे पाहिलं. डोळ्याच्या कडेला बारीक लाल रेघ आली होती, कुंकवाच्या काडीनं ओढावी तशी. आधीच्या दोघांच्या साली मी राखेच्या टोपलीतून शोधून काढल्या. त्यांच्या डोळ्याला रेघ नव्हती.

डोळा लाल झाला की मग. एवढंच होतं ना, अप्पा? जे मला तीन फळं कापून कळलं ते तुम्ही न कापता बघत होता. आणि सगळ्यांचे डोळे एका दिवशी लाल होत नाहीत, म्हणून एका वेळी दोन, फार तर तीन.

उरलेल्या आठांत लाल रेघ तिघांना होती. तेल शोधायला गेले तर घरात शेंगदाण्याचं. करडईचं आणायला बिदरला गेले. तिसऱ्या दुकानात मिळालं, तेही बाटलीत, चित्र लावलेलं. तुम्ही ते बोटावर घेऊन वास घेतला असता आणि परत ठेवलं असतं. मी आणलं. कडब्याची काडी मात्र खरी, गल्लीतल्या गोठ्यातून मागून घेतली. तीन ठिपके लावले आणि कपाटाच्या तळातून त्या पिशव्या काढल्या. सातही होत्या. तीन बांधल्या.

चौथ्या दिवसापर्यंत काही झालं नाही. पाचव्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात सामानाच्या खोक्यांवर नावं लिहीत होते आणि खिडकीतून वारं आलं. बाहेर पाहिलं. झाडाची पानं उडत होती, डहाळ्या हलत होत्या, आणि दोन पिशव्या हलत नव्हत्या. नुसत्या कलत होत्या, एका बाजूला, सावकाश, आणि परत जागेवर येत होत्या. तिसरी मात्र फडफडत होती. मी खिडकीशी किती वेळ उभी होते ते माहीत नाही. बाजेवरून तुम्हाला रोज काय दिसत होतं, ते मला तेव्हा दिसलं. सात पिशव्या, सातही फडफडणाऱ्या. आणि त्यांच्याकडे बघत तुम्ही रोज मला विचारायचा, "आज कशी हायत गं अंजिरं?" मला खोटं बोलायला सोपं जावं म्हणून विचारायचा का?

आज रविवार. ती बाई दहाला आली, बरोबर नवरा. मी आधी किल्ली दिली नाही. दोघांना मागे नेलं, पिशवी सोडली, आणि पिकलेलं अंजीर तिच्या हातावर ठेवलं. जांभळं, मऊ, डोळ्याशी मधाचा थेंब. तिनं ते फोडलं, अर्धं नवऱ्याला दिलं, अर्धं तोंडात टाकलं आणि डोळे मोठे केले.

"अक्का, वरून साखर टाकलाव का काय?"

"नाही."

"मग आता झाडाचं काय करायचं ते हिला सांगा," नवरा म्हणाला. "हिची स्कूटी ऱ्हाईल माझ्या टेम्पोच्या मागं रस्त्यावर."

"ह्या साली ऱ्हाऊ दे झाड," ती म्हणाली. "म्होरलं म्होरं बघू. पर अक्का, ते तेल कसं लावायचं ते दावा आधी. पामतेल चालंल का?"

तुमच्या घरात, तुमच्या घाण्याच्या जागेपासून वीस पावलांवर, पामतेल. मी तिला इतकी रागावले की नवरा बाहेर जाऊन उभा राहिला. मग तिला खाली बसवलं, डोळा दाखवला, लाल रेघ दाखवली, आणि तिच्याकडून तीन वेळा वदवून घेतलं. तिनं "हं" म्हटलं की मी थांबायची आणि पुन्हा विचारायची. वैतागली, पण शिकली. जाताना पाया पडली. शाळेतल्या सवयीनं माझ्या तोंडून निघालं, "बस खाली." ती हसली.

दुसरं पिकलेलं अंजीर मी ओसरीवर, तुमची बाज असायची तिथं उभी राहून खाल्लं. पाचही मिनिटं लागली नाहीत.

पुतण्याची गाडी चारला येईल. हे पत्र कुठं टाकायचं त्याची सोय नाही, तेव्हा ते माझ्याच सामानात जाईल. निवृत्त झाले तेव्हा नकाशे, घंटा आणि मोडक्या बाकांसकट सगळ्याची चार्ज यादी करून दिली होती. त्या सवयीनं ही.

आज सुपूर्द केले: पुढच्या दाराच्या किल्ल्या दोन, परसदाराची एक. लाल दगडी भिंत, तडा गेलेली. डब्यांचे पत्रे नऊ. करडईच्या तेलाची बाटली, पाऊण भरलेली. कडब्याच्या काड्या, मूठभर. अंजिराचं झाड एक. त्यावर हिरवी फळं सहा, पैकी एक तेल लावूनही न पिकलेलं, एकाचा डोळा लाल व्हायला लागलेला, तो तिला दाखवला आहे. पिकलेलं अंजीर एक, समक्ष खाल्लं. धोतराच्या पिशव्या सहा.

सातवी दिली नाही. तिनं विचारलं असतं तर वटवाघळानं नेली म्हणून सांगितलं असतं.